आधी अर्थ बघ

डेन्व्हर, कोलोरॅडो
२० सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "ट्रेलरचं काय झालं शेवटी?" आणि मी "झालं नीट" एवढंच म्हणून विषय बदलला. बायको शेजारी बसली होती, आणि त्या उताराचं नाव काढलं तरी तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून आज सविस्तर लिहितोय. ओढण्याच्या कामातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दोन ट्रॉल्या ऊस भरून रात्री-अपरात्री कारखान्याची वाट धरणारा तू.

आमची पिकअप तू फोटोत बघितली आहेस. तिच्या मागं कॅम्पर जोडतो, म्हणजे चाकावरची खोलीच म्हण. सामान भरल्यावर वजन १,६०० किलोच्या आसपास. एवढ्या वजनाला स्वतःचे ब्रेक लागतात. कॅम्परच्या दोन्ही चाकांत विजेवर चालणारा एकेक मॅग्नेट आहे. मी ब्रेक दाबला की पिकअपमधून करंट जातो, मॅग्नेट ड्रमला चिकटतो आणि ड्रमबरोबर ओढला जाताना ब्रेकशू दाबतो. हे सगळं सात पिनांच्या एका प्लगमधून चालतं: दिवे, इंडिकेटर, बॅटरीचं चार्जिंग, ब्रेकची निळी तार आणि अर्थची, म्हणजे करंट परत जायची, पांढरी. करंट किती सोडायचा तो आकडा डॅशबोर्डच्या टचस्क्रीनवर टोइंग अ‍ॅपमध्ये ठरवायचा. त्याला गेन म्हणतात. आमचा तेव्हा सहा होता.

जुलैपासून त्या अ‍ॅपचं बिनसलं. कधी दिव्यांची तपासणी अर्ध्यात अडकायची, कधी कॅम्परचं प्रोफाइलच, म्हणजे त्याची भरून ठेवलेली माहिती, गायब व्हायची. कधी कॅम्पर मागं जोडलेला असताना स्क्रीनवर यायचं, "ट्रेलर डिस्कनेक्टेड." दोन मिनिटांनी आपोआप ठीक. मी दिवसभर सॉफ्टवेअरचंच काम करतो, त्यामुळं दुखणं सॉफ्टवेअरमध्येच असणार असं मी धरून चाललो. दोन बटणं दहा सेकंद दाबून स्क्रीन रीस्टार्ट केली, एक दिवस बरं गेलं. प्रोफाइल पुसून नव्यानं भरलं, तेही दोन दिवस टिकलं. शोरूमच्या वर्कशॉपला दाखवली तर कागदावर "दोष आढळला नाही" लिहून परत दिली. त्यांच्या अंगणात कॅम्पर जोडलेलाच नव्हता, मग दोष दिसणार कसा? कॅम्पर घेऊन या म्हणून आधी कुणीही सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही पश्चिमेला निघालो. आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगदा लागतो, ११,००० फुटांच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग तीव्र उतार. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथं कडेला खडी भरलेले चढ करून ठेवलेत, ते बघूनच कळतं कसला उतार असेल. पहिल्याच वळणावर स्क्रीन लाल झाली: ट्रेलर डिस्कनेक्टेड. बायको आरशात बघून म्हणाली, "आहे की मागं!" होताच. पण त्याचे ब्रेक गेले होते. ब्रेक दाबला तसा १,६०० किलोचा धक्का पाठीत बसला. मागच्या सीटवर लेक झोपलेली. गिअर खाली टाकला, हॅझर्ड लावले, उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागं लागलो आणि इंजिनावरच गाडी धरून उतरलो. सिल्व्हरथॉर्नला पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा पिकअपच्या पुढच्या चाकांना जळका वास येत होता. तिथंच बसून राहिलो. लेकीला उठवून पाणी पाजलं, खरं तर तिला तहान लागलीच नव्हती.

तिथं मला अण्णा आठवले. आष्ट्याच्या रस्त्याला तुझ्या ट्रॉलीचा मागचा दिवा फडफडायचा, आपण दोघं बल्ब बदलून बदलून दमलो होतो. अण्णा टेस्ट लॅम्प घेऊन आले, आणि बल्बकडं न बघता म्हणाले, "आधी अर्थ बघ." हुकाच्या पिनेवरचा गंज घासला आणि दिवा लख्ख लागला. त्यांचे काळे अंगठे मला आत्ता दिसतायत.

घरी आल्यावर स्क्रीनकडं बघितलंच नाही, प्लग उघडला. आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी गंजाची पूड. हिवाळ्यात इथं बर्फ वितळवायला रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, ते सगळीकडं शिरतं. पांढऱ्या तारेचा स्क्रू बोटानं फिरेल इतका सैल. करंटला होणारा विरोध मोजायला मल्टिमीटर निळ्या आणि पांढऱ्या तारेला लावला. प्रत्येक मॅग्नेट साधारण तीन ओमचा, दोन समांतर, म्हणजे दीडच्या आसपास आकडा यायला हवा. माझ्याकडं तार जरा हलवली की दोनवरून नऊवर उडी. पिकअप हाच विरोध बघून ठरवते मागं कोणी आहे की नाही. नऊ दिसला की तिच्या लेखी कॅम्पर नाही. एवढे दिवस स्क्रीन आपल्या परीनं खरंच सांगत होती रे.

पॉलिश पेपरनं पिना घासल्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, तारेचं टोक कापून नवीन सोललं, स्क्रू आवळला, ओल आत शिरू न देणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. आकडा १.६ वर येऊन थांबला. प्लग हातानं गदागदा हलवला तरी १.६. बायकोला हाक मारून दाखवला.

प्रोफाइल गायब होणं मात्र सॉफ्टवेअरचंच होतं. त्याचा अपडेट कधीच आलेला, पण छोट्या छोट्या फेऱ्यांनी पिकअपची बॅटरी अर्धवट राहायची, आणि चार्ज कमी असला की अपडेट चढतच नाही. रात्रभर चार्जर लावला, सकाळी चढला. मग रिकाम्या मैदानात ताशी तीसेक किलोमीटरनं जाऊन फक्त कॅम्परचा ब्रेक हातानं दाबून बघितला. बायको बाहेर उभी राहून चाकाकडं बघत होती. चाक अडकून घासलं की गेन अर्ध्या अंकानं उतरवायचा, पुन्हा फेरी. साडेपाचवर नीट बसला. आता निघताना प्रत्येक वेळी हे करतो, स्क्रीन हिरवी असली तरी.

गळीत हंगाम तोंडावर आलाय. तुझ्या मागच्या ट्रॉलीचा दिवा गेल्या वर्षीही बंदच होता, मी जानेवारीत डोळ्यांनी बघितलाय. अंधारात मोटारसायकलवाल्याला तो ऊस दिसत नाही. बॉयलर पेटायच्या आत प्लग उघड, हुकाच्या भरवशावर न राहता अर्थची वेगळी तार ओढ, आणि दोन्ही ट्रॉल्यांना मागं लाल रिफ्लेक्टर लाव. डिसेंबरात येतोय तेव्हा ग्रीसच्या दोन ट्यूब आणतो. पण तोवर थांबू नकोस. झालं की रात्रीचा मागून फोटो काढून पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. अण्णांच्या फोटोला माझ्या वतीनं एक हार घाल.

तुझाच,
डेन्व्हरवाला