आधी मास्क, मग विमानाचे नाक खाली

महोदय,

ओझरहून दिल्लीकडे निघालेले विमान थोड्याच वेळात ३५,००० फुटांच्या आसपास पोचते. तिथे केबिनमधला दाब गेला, तर वैमानिकाला भानावर राहून काम करायला जेमतेम ३० ते ६० सेकंद मिळतात. दाब एकदम गेला तर त्याहूनही कमी. तातडीने खाली उतरण्याचा सराव सिम्युलेटरवर होतो, पण तो फार ठरीव झाला आहे. मोठा आवाज होणार हे प्रशिक्षणार्थीला ठाऊक असते आणि त्याचा हात पहिल्यांदा थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याकडे, जातो.

आधी मास्कच हवा. लाल पकडी दाबून एका हाताने ओढला की पट्टा फुगतो. डोक्यावर चढवून पकडी सोडल्या की आवळतो. पाच सेकंदांत हे जमले पाहिजे. ऑक्सिजन १०० टक्के, मग माइकचा स्विच मास्कवर. हा स्विच राहिला की शेजारच्याला आपले बोलणे ऐकूच जात नाही. निम्मा गोंधळ इथून सुरू होतो. त्यानंतर उंची १०,००० फूट लावायची (तिथे मास्कविना श्वास घेता येतो), इंजिने आयडलला म्हणजे किमान ताकदीवर, स्पीडब्रेक (पंखांवरच्या वेग रोखणाऱ्या फळ्या) पूर्ण बाहेर, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा संकेत, एटीसीला म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला खबर. सांगाड्याला इजा झाल्याची शंका असेल तर वेग वाढवायचा नाही. ठरलेल्या उंचीवर विमान सरळ करताना स्पीडब्रेक आत घ्यायचे विसरले तर वेग झपाट्याने घसरतो.

आपल्याकडे कळसूबाईच ५,४०० फुटांची, म्हणून १०,००० फूट निर्धास्त. लेहच्या वाटेवर तसे नाही. तिथे डोंगरांतून बाहेर पडायचा मार्ग उड्डाणाआधीच ठरवावा लागतो, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत १२ ते १५ मिनिटेच पुरतो.

खरी काळजी आवाज न करता गळणाऱ्या दाबाची. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसच्या हेलिओस या विमान कंपनीच्या विमानात केबिनमधल्या दाबाचा स्विच 'मॅन्युअल'वर राहिला होता. इशाऱ्याचा भोंगा वाजला, पण जमिनीवर फ्लॅप वगैरे उड्डाणासाठी नीट लावलेले नसले तरी तोच भोंगा वाजतो, आणि वैमानिकांना तसेच वाटले. १२१ माणसे गेली. ऑक्सिजन कमी पडलेल्या माणसाला आपले काही बिघडले आहे हेच कळत नाही. कुणाची नखे निळी पडतात, कुणाला उगाच छान वाटू लागते.

म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वार्षिक सरावात पूर्वसूचना न देता हळूहळू होणारी दाबगळती घालावी, तीही वैमानिक एटीसीशी बोलण्यात गुंतलेला असताना. शिवाय प्रत्येक नागरी वैमानिकाला निदान एकदा, बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये आहे तशा दाबकक्षात, स्वतःची लक्षणे अनुभवू द्यावीत.

– एक उड्डाण प्रशिक्षक, नाशिक