मागच्या खोलीतली मॅट

पुणे

ती. आई आणि आबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू मागच्या खोलीचं माप सांगितलंस ते मी लगेच वहीत लिहून घेतलं. १० फूट ४ इंच लांब, ८ फूट २ इंच रुंद. टेपचं एक टोक आबांनी धरलं होतं हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे त्यांनी खोलीचं मनावर घेतलंय. फुटलेल्या टाइलचंही तू सांगितलंस. आबा, व्यायामाचा तो जड मुद्गल हातातून सुटला यात लपवण्यासारखं काही नाही. पण ती टाइल पायपुसण्याखाली झाकू नका, त्या पायपुसण्यावरूनच कुणाचा तरी पाय सरकेल. मुद्गल तुमच्या पायावर पडला नाही, एवढं मला पुरे आहे.

गेल्या वर्षी त्या गुळगुळीत टाइल्स बसवायचा आग्रह माझाच होता. जुनी शहाबादी फरशी दिसायला कशीही असली तरी ओल्या पायाने तिच्यावरून कधी कुणी घसरलं नाही. आता त्या टाइल्सवर आबांनी बैठका काढायच्या आणि आईने गुडघ्याचे व्यायाम करायचे म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून गेले तीन आठवडे मी एकमेकांत अडकवायच्या चौकोनी मॅट बघत हिंडतेय. दुकानदार त्यांना पझल मॅट म्हणतात, काही जण जिम मॅट म्हणतात. कुठली घ्यायची ते ठरलंय. पण ती का, हे नीट लिहायला हवं, कारण आबा, बघितल्या बघितल्या तुम्ही विचारणार, "एवढी पातळ का गं आणलीस?"

आबा, जमिनीविषयी तुम्हाला मी काय सांगणार! लहानपणी तुमचा डबा घेऊन तालमीत यायचे तेव्हा दारातूनच त्या मातीचा वास यायचा. हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर, सगळं त्या लाल मातीत मुरलेलं. कुस्तीआधी पोरं खोऱ्याने हौदा उकरायची आणि तुम्ही अनवाणी त्यात उतरून टाचेने दाबून बघायचा. "घट्ट झाली की हाड मोडतं, फार भुसभुशीत झाली की पाय रुततो," हे वाक्य मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलंय. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन गट असतात, त्यावरून तुम्ही आणि काका रात्र रात्र वाद घालायचा. तुम्ही मातीच्या बाजूचे. पण गादी असो की माती, पाय रुतता कामा नये, यावर तुमचं दोघांचं एकमत व्हायचं. मी मॅट निवडली ती त्याच हिशोबाने.

खरं सांगायचं तर आधी मी उलटं करणार होते. म्हाताऱ्या माणसांसाठी हवीय म्हटलं की दुकानदार सगळ्यात जाड मॅट पुढे करतो. ३० मिलिमीटर, ४० मिलिमीटर, ज्युदो आणि तायक्वांदोवाले वापरतात तसली. मीही म्हटलं, जाड म्हणजे सुरक्षित. पडलं तरी लागणार नाही. पैसे द्यायला पर्स उघडली आणि मला आईची फिजिओथेरपी आठवली. आई, आठवतं का, त्या बाईंनी तुला फोमच्या चौकोनी तुकड्यावर उभं केलं होतं? दोन्ही बाजूंना धरायला दांडे होते, तरी तू डुलत होतीस आणि म्हणालीस, "आगं, हे तर कापसाच्या ढिगावर उभं राहिल्यासारखं वाटतंय." त्या तेव्हा म्हणाल्या होत्या की हे मुद्दाम अवघड केलंय. आपला तोल तीन गोष्टींवर चालतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळपायाला नि घोट्याला लागणारी जमिनीची चाहूल. फोमवर ती चाहूलच बोथट होते आणि सगळा भार उरलेल्या दोघांवर पडतो. तोल तपासण्यासाठी फोमवर उभं करण्याची ही रीत १९८६ पासून लिहून ठेवलेली आहे. म्हणजे तोल ढळतो का हे बघायला जी वस्तू वापरतात, तीच मी तुमच्या अख्ख्या खोलीत अंथरायला निघाले होते. मी पर्स मिटली.

मग माझ्या स्वतःच्या फ्लॅटमधलीही गोष्ट नीट कळली. दोन वर्षांपूर्वी मी स्वस्तातल्या २० मिलिमीटरच्या मऊ मॅट घेतल्या होत्या. एका पायावर उभं राहून व्यायाम करताना माझा घोटा मुरगळला आणि आठवडाभर लंगडत होते. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, काळजी कराल म्हणून. दोष मी माझ्या व्यायामाला देत होते. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. आबा, तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात.

पातळ मॅटवर पडलं तर जाडीपेक्षा जास्त लागेल, हे मला मान्य आहे. पण मला मुळात तुम्हाला पडू द्यायचं नाही. म्हणून १२ मिलिमीटरची घेतलीय, आणि १२ मिलिमीटरमधलीही सगळ्यात घट्ट. दुकानात मी एकेका मॅटवर अंगठा दाबून बघत होते. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती बाजूला. मग चप्पल काढून प्रत्येकीवर एका पायावर उभी राहिले. ही घेतलेली मॅट बैठकीला आणि गुडघा टेकायला पुरेशी मऊ आहे, आणि उभं राहिलं की पाय जमिनीवर असल्यासारखा वाटतो. आईला पाठीवर झोपून पाय उचलायचे असतील तेव्हा वरून घरातली सतरंजी दुहेरी घालायची आणि उठताना आधी ती बाजूला सारायची.

आता रबर की फोम, यावर माझे बरेच दिवस गेले. रबरी मॅट जुन्या टायरांच्या चुऱ्यापासून करतात, काळी, दणकट, वजन पडलं तरी हूं की चूं करत नाही. दुसरी ईव्हीए फोमची, चपलेच्या तळव्याला असतो त्या जातीची. व्यायामशाळेसाठी विचाराल तर रबरच चांगलं, मोठी व्यायामशाळा असती तर मी दुसरा विचारही केला नसता. पण रबराचा दोन फुटी चौकोन याच जाडीत चार किलोच्या आसपास भरतो, फोमचा अर्ध्या किलोच्या आसपास. आपल्याला २० चौकोन लागणार. म्हणजे एकीकडे ८० किलो, दुसरीकडे १०-१२ किलो. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा तुम्ही दोघांनी रात्री कणकेचा डबा, गाद्या, देव, सगळं माळ्यावर चढवलं होतं. मागच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. पुन्हा तशी वेळ आली तर ८० किलो रबर कोण उचलणार? फोमचे चौकोन सोडवून चार-चार काखेत मारून आईसुद्धा जिन्याने वर नेऊ शकते. म्हणून खोलीभर फोम. फक्त मुद्गल ठेवायच्या कोपऱ्यात रबराचे दोन वेगळे चौकोन, कारण फोमवर जड वस्तू उभी ठेवली की तिथे कायमचा खळगा पडतो, आणि जोरात आदळली तर खालची टाइल वाचेलच असं नाही. आबा, मुद्गल फिरवायचे तेही त्या रबरावर उभं राहूनच.

आई, तुला वासाची काळजी आहे ते माहीत आहे. उदबत्तीनेसुद्धा तुला शिंका येतात. नवीन फोमला वास येतोच, आणि तो नुसता नाकाचा प्रश्न नाही. फोम फुगवताना त्यात फॉर्ममाइड नावाचं रसायन राहू शकतं. २०१० साली बेल्जियमने लहान मुलांच्या अशा पझल मॅट याच कारणासाठी बाजारातून काढायला लावल्या, नंतर फ्रान्सनेही त्या रोखल्या. म्हणून मी दुकानात पाकीट उघडून आधी वास घेतला. तीन ठिकाणी नाकाला झोंबला, तिथून निघाले. ही मॅट त्या मानाने सौम्य आहे, आणि फॉर्ममाइड तपासल्याचा कागद दुकानदाराकडून मागून घेतलाय. तरीही आठ दिवस माझ्या बाल्कनीत सुट्या करून वाऱ्यावर ठेवल्यात, सावलीत. त्यानंतरच पाठवतेय.

सावलीचं आई, मुद्दाम सांगते. तू गाद्यांना ऊन दाखवतेस, पापडांना दाखवतेस, लोणच्याच्या बरणीलाही दाखवतेस. यांना मात्र दाखवू नकोस. उन्हात हा फोम आक्रसतो, मग दाते दात्यांत बसत नाहीत, सांधे उघडे पडतात आणि नेमका तिथेच अंगठा अडकतो. पुसायला फिनाइल नको, कोमट पाण्यात कपडे धुवायच्या साबणाचे दोन थेंब टाकून पिळलेलं फडकं बस. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दाराकडची ओळ सोडवून खालची फरशी कोरडी करायची. कोल्हापूरच्या जुलैत मॅटखाली ओल धरली की बुरशीचा वास खोलीभर पसरेल.

आणि आबा, अंगाला तेल चोळून मॅटवर यायचं नाही. मातीत तेल जिरायचं, इथे ते वरच राहतं. मालिश झाली की आंघोळ आणि मग व्यायाम, किंवा आधी व्यायाम मग मालिश. तुम्हाला क्रम बदलायला सांगणं मला जड जातंय, कारण पन्नास वर्षांची सवय आहे ती. पण एवढं माझं ऐका.

मापाचं असं आहे. एक चौकोन ६० सेंटिमीटरचा. खोली सेंटिमीटरमध्ये धरली तर साधारण ३१५ बाय २४९. लांबीत पाच आणि रुंदीत चार बसवले की ३०० बाय २४० भरते. उरलेल्या फटीत तुकडे कापून घालायचे नाहीत. चिंचोळे तुकडे आधी निसटतात. खिडकीच्या भिंतीकडे ९ सेंटिमीटर मोकळी ठेवू, तिथून फडकं फिरेल आणि हवा खेळेल. दाराकडे १५ सेंटिमीटर राहतील. त्या दोन्ही बाजूंना उतरत्या काठाची पट्टी लागते, ती वेगळी विकत घ्यावी लागते आणि बहुतेक लोक तेवढ्यासाठी पैसे वाचवतात. माझ्या मते सगळ्या खरेदीत सर्वांत गरजेची तीच. बारा मिलिमीटरची उभी कड पाय उचलून न टाकणाऱ्या माणसाला उंबरठ्यासारखी लागते. पट्ट्या मी रंगानेही वेगळ्या घेतल्यात, काळ्या मॅटला पिवळ्या, म्हणजे आईला चष्म्याशिवाय दिसतील. दार ओसरीकडे बाहेर उघडतं हे बरं झालं, नाहीतर ते मॅटला अडलं असतं.

सगळे चौकोन एकाच गठ्ठ्यातले घेतलेत. वेगवेगळ्या गठ्ठ्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतो आणि मग जोडल्यावर मधेच फुगवटा येतो. चार जादा आहेत, ते माळ्यावर ठेवू. एखादा झिजला की तेवढाच बदलता येईल.

पार्सल गुरुवारी एसटीने निघेल. आबा, गठ्ठा सोडून वाकून एकट्याने जोडायला बसू नका, कंबर धरेल. मी शनिवारी रात्री कोयना एक्सप्रेसने पोचते. रविवारी सकाळी आपण तिघं मिळून जोडू. तुम्ही खुर्चीत बसून सांगायचं, मी अडकवत जाईन. सुताराला त्याच दिवशी बोलावलंय, खिडकीच्या बाजूला आईच्या कमरेएवढ्या उंचीवर धरायला स्टीलचा दांडा बसवून घेऊ. तोपर्यंत आईने स्वयंपाकघराचा ओटा धरूनच टाचा उचलायचे व्यायाम करायचे. पहिल्या दिवशी आबा, दहाच बैठका. मी मोजणार आहे.

मॅट अंथरून झाली की तुम्ही अनवाणी त्यावर चढा आणि हौद्यात दाबायचा तशी टाच दाबून बघा. पाय रुतला असं वाटलं तर सरळ सांगा, मी सगळी गुंडाळून परत घेऊन जाईन.

तुमची
सुमी