टीप मिळाली की थेट उचलायचं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

"गोपनीय बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीनुसार सापळा रचून ताब्यात घेतले" हे वाक्य तुमच्या पेपरात किती वर्षं वाचतोय, कधी त्यावर थांबलो नव्हतो. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या पोराला असंच उचललं, तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

पोरगं उद्यमनगरात गॅरेजात कामाला. कुणीतरी फोन केला की ह्याच्याकडं चोरीची मोटरसायकल आहे. सकाळी अकराच्या सुमारास साध्या कपड्यातले दोघं आले, कोण कुठले काही सांगितलं नाही, गाडीवर मधे बसवून घेऊन गेले. त्याच्या आईला रात्री आठला शेजारच्या चहावाल्याकडून कळलं. आम्ही चौघं ठाण्यात गेलो तर म्हणाले अटक नाही ओ, चौकशीला आणलंय, बसा. आणि शेवटी कागदावर अटकेची वेळ पडली रात्री साडेदहा!

मधले साडेअकरा तास कुठं गेले? घटनेच्या कलम 22 प्रमाणं अटकेपासून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायला लागतं, प्रवासाचा वेळ तेवढा सोडून. ज्या माणसाला उठून घरी जाता येत नाही तो अटकेतच झाला की, मग त्याला ताब्यात म्हणा नाहीतर चौकशी म्हणा. घड्याळ सकाळी अकरालाच सुरू व्हायला पाहिजे होतं.

पोलिसांनी टीपवर काम करू नये असं मी म्हणत नाही, चेन स्नॅचर टीपशिवाय सापडणार कसे. खबऱ्याचं नाव सांगायची सक्तीही कायद्यानं त्यांच्यावर नाही आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कोण पुढं येईल. पण जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 35 बघा, जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, ते 41 होतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात नुसती खबर पुरत नाही, ती विश्वास ठेवण्यासारखी पाहिजे आणि वर अटक कशासाठी गरजेची, म्हणजे पळून जाईल, पुरावा गायब करेल, साक्षीदाराला धमकावेल, ते लेखी नोंदवायला लागतं, नाहीतर नोटीस देऊन बोलवायचं. चोरीचा माल ठेवल्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सुप्रीम कोर्टानं 2014 ला अर्नेश कुमार केसमध्ये हेच बजावलंय. अहो, गॅरेजात दुसऱ्याच्या गाड्या असणारच, चेसिस नंबरवरून गाडी कुणाच्या नावावर आहे ते आधी बघायला किती वेळ लागला असता?

पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी, अटकेच्या पंचनाम्यावर वेळ आणि साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, हे सगळं सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू केसपासून ठरलेलं आहे आणि आता कायद्यातच आहे. इथं त्यातलं काहीच वेळेवर झालं नाही. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. पोरगं दोषी का निर्दोष ते कोर्ट बघेल, माझं म्हणणं ते नाही. उद्या गाडी खरंच चोरीची निघाली तरी ते साडेअकरा तास कायदेशीर होत नाहीत.

ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात आलंय, त्यामुळं दाद मागायला मुंबई गाठायची गरज उरली नाही, आम्ही वकिलांशी बोलतोय. तुमच्याकडं एकच मागणं आहे साहेब, "सापळा रचून" अशी बातमी पुढं कधी छापाल तेव्हा वार्ताहराला दोन गोष्टी विचारायला सांगा, माणसाला नेलं किती वाजता आणि घरी कळवलं किती वाजता. आणि ह्या दोन्ही वेळा बातमीत छापा.

आपला नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर