बाबा, तो फोन माझ्यामुळे आला

बाबा, आई,

सा. न. वि. वि.

बाबा दोन दिवस माझा फोन उचलत नाहीयेत म्हणून लिहितेय. शेजारच्या बंटीला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. आई, तू आधी वाचून मधलं पान लपवू नकोस.

तर तो फोन. "काका, बजेट किती, सिंगल रूम की डबल" असं विचारणारा माणूस माझ्यामुळेच तुमच्यापर्यंत पोचला. तुम्हा दोघांसाठी राहायची जागा बघायला मी एका एजंटकडे नाव नोंदवलं होतं. वृद्धाश्रम म्हणू नका प्लीज, सिनियर लिव्हिंग म्हणतात. बरं, तुम्ही काहीही म्हणा. फॉर्ममधे दुसरा नंबर कंपल्सरी होता आणि हाताला सवय असलेला नंबर टाकला गेला. मला काय माहीत तो फॉर्म त्यानं सहा ठिकाणी पाठवलाय, मला एका दिवसात चौदा फोन आले, आणि पंधरावा तुम्हाला. मी सांगायच्या आधी तुम्हाला परक्याकडून कळलं, ही चूक माझी. बाकीच्या गोष्टीत चूक नाही, ते पुढे सांगते.

फॉर्म भरायला दहा मिनिटं लागली बाबा. चालता येतं का, अंघोळ स्वतः करतात का, गोळ्यांची आठवण करून द्यावी लागते का, विसरतात का, टिक करत गेले. रात्री किती वेळा उठतात? इथं हात थांबला. आई रात्री किती वेळा उठते मला माहीतच नव्हतं. अंदाजानं तीन लिहिलं.

एजंट कशाला, असं तुम्ही विचारणारच. कारण त्या रात्री नळाला पाणी आलं, तुम्ही आईला न उठवता बादल्या भरायला गेलात, मोरीत घसरलात आणि सकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मला तर आठ दिवसांनी कळलं, तेही बंटीच्या आईकडून. त्यानंतर मी रोज ऑफिसात बसून नळाचे दिवस मोजत होते. माझ्याकडे या म्हटलं तर तुम्ही मागच्या वेळी बारा दिवसात परत गेलात, आणि खरं सांगू, तुमचं बरोबर होतं. तिसरा मजला, लिफ्ट कधी चालू कधी बंद, आम्ही दोघं आठला बाहेर, सासूबाईंचा टीव्ही. दादाशी पण बोलले, तो पैशाला कमी पडणार नाही म्हणाला, तिकडून दुसरं काय म्हणणार.

आता एजंटचं. आपल्याकडून तो एक रुपया घेत नाही, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. त्याला पैसे ती घरंच देतात, माणूस राहायला आला की साधारण पहिल्या महिन्याच्या फीच्या हिशोबानं. म्हणजे ज्यांच्याशी टायअप तेवढीच घरं दाखवणार. ट्रस्टची नाहीत, सोलापुरातलं एकही नाही. आजोबा सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्याच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे त्याची गोष्ट तुम्ही सांगायचात ना, तसंच हे, फक्त रुमाल दिसत नाही. मी त्याला सरळ विचारलं, या घराकडून तुला किती मिळणार? जरा चाचरला, पण सांगितलं. त्या बाबतीत बरा मुलगा आहे, उगाच शिव्या घालू नका.

मग त्याच्या लिस्टमधली तीन घरं मी त्याला न सांगता बघितली. रविवारी सकाळी नाही, मधल्या वारी संध्याकाळी सातला. एका ठिकाणी साडेसहालाच सगळ्यांना जेवण देऊन दिवे घालवले होते. दुसरीकडे माणूस अंथरुणाला खिळला की घेऊन जा म्हणतात, हे करारात शेवटच्या पानावर. तिसरं मला आवडलं. माझ्या घरापासून वीस मिनिटं, तळमजला, बाथरूमला उंबरा नाही, धरायला दांडे आहेत, रात्री दोन बायका जाग्या असतात. आणि आई, नळ सोडला की पाणी, कुठल्याही दिवशी, कितीही वाजता! जेवण खाऊन बघितलं. वरणात गूळ होता, पुणंच ते, काय करणार. पण ज्वारीची भाकरी रोज करून द्यायचं कबूल करून घेतलंय, शेंगाच्या चटणीची बरणी आपली आपण ठेवायची. खिडकीत ऊन येतं, तुळस जगेल.

एक महिन्याची फी भरलीये. एकच महिना, डिपॉझिट नाही. ट्रायल म्हणतात त्याला. गड्डा झाल्यावर, अक्षता सोहळा बघूनच निघायचं, त्याआधी कोण हलवणारे तुम्हाला. लहानपणी त्या गर्दीत हरवू नये म्हणून माझं मनगट तुम्ही बाराबंदीच्या बंदाला बांधायचात, मी ओढली की तुमची सगळी बाराबंदी तिरकी व्हायची आणि तुम्ही एकदासुद्धा ओरडला नाहीत. मला ते सारखं आठवतंय हल्ली.

घर विकायचं नाही, भाड्यानं पण नाही. किल्ली बंटीच्या आईकडे. महिन्यानं नको वाटलं तर मी स्वतः परत आणून सोडीन, लिहून देते हवं तर.

आता ऐका. हुतात्मा एक्सप्रेसनं एकटे निघायचं नाही, मी गाडी घेऊन येतेय. पाण्याच्या रात्री बंटीला उठवायचं, त्याला मी पैसे दिलेत, लाजू नका. बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आजच्या आज काढा, ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना आहे, दवाखान्यात ठेवावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च सरकार देतं, उत्पन्न बघत नाहीत, आधार लागतं. आईला अजून दोन वर्षं आहेत. शुगरची गोळी जेवणाआधीची जेवणाआधीच. तसा फोन परत आला तर "मुलीशी बोला" एवढंच म्हणून ठेवून द्या, आमचा बंगला आहे वगैरे सांगू नका, फी वाढवतील.

आणि आई, तू तरी फोन उचल. रात्री खरंच किती वेळा उठतेस ते सांग, तिथल्या कागदावर अजून तीनच आहे.

तुमची,
सुमी