कांदा निर्यातीचे धोरण लागवडीपूर्वी ठरावे

महोदय,

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये ती किमान निर्यातमूल्याच्या (ठरावीक दराहून स्वस्तात निर्यात न करण्याच्या) अटीसह खुली केली आणि शुल्क पूर्णपणे हटायला एप्रिल २०२५ उजाडले. बंदीचा घाव नेमका खरिपाच्या लाल कांद्यावर बसला. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही, त्यामुळे लासलगावला मिळेल त्या भावात तो विकण्यावाचून शेतकऱ्याला, विशेषतः पीककर्ज घेतलेल्या अल्पभूधारकाला, गत्यंतर नसते. शहरी ग्राहकाला दिलासा जरूर द्यावा. परंतु त्याचा भार सरकारी तिजोरीने उचलावा, आणि निर्यातीचे नियम लागवडीपूर्वी जाहीर करून हंगाम संपेपर्यंत बदलू नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक कांदा उत्पादक, निफाड (जि. नाशिक)