प्रार्थना कीटकाच्या कुस्त्या लावू नका

महोदय,

मुलांच्या पुरवणीत प्रार्थना कीटकाला ‘अजिंक्य योद्धा’ ठरवणारा मजकूर वाचला. काचेच्या पेटीत त्याची विंचवाशी, गोमेशी, गांधीलमाशीशी लावलेली झुंज आणि प्रत्येक छायाचित्राखाली विजेत्याचे नाव. मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि हा कीटक झाडावर मोकळा असताना तासन्‌तास पाहिला. मुलांच्या मनात या मजकुराने चुकीचे चित्र उभे राहील, म्हणून लिहिते आहे.

पुढचे पाय उंचावून, पंख फुलवून उभ्या असलेल्या कीटकाच्या चित्राखाली ‘आव्हान’ असे छापले आहे. प्रार्थना कीटक असा उभा राहतो तो घाबरल्यावर. समोरच्याने दचकून निघून जावे, एवढीच त्याची धडपड असते. शिकारीच्या वेळी तो काडीसारखा निश्चल बसतो, फक्त डोके सावकाश वळते. दोन्ही डोळ्यांनी मिळून तो अंतराचा अचूक अंदाज घेतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की काटेरी पाय सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत झेपावतात. त्याच्याकडे विष नाही, जाड कवच नाही. दबा धरून बसणे, हीच त्याची सारी ताकद. पेटीत नेमकी तीच आपण काढून घेतो. शिवाय विंचू आणि गोम रात्री दगडांखाली, जमिनीवर वावरतात, हा झाडाझुडपांवर. त्यांची गाठ निसर्गात क्वचितच पडते.

मग इतर शिकाऱ्यांपुढे त्याचे काय होते? बहुतेक वेळा उत्तर ‘कोण मोठा आणि कोणी आधी पाहिले’ एवढ्यावर ठरते. पूर्ण वाढलेली मादी गांधीलमाशीला मधोमध पकडून मानेपासून कुरतडायला लागते, हे मी पाहिले आहे. पण तीच मादी मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात अडकली की तिचे लांब पायच तिला आणखी गुंतवतात. आशियातली महाकाय गांधीलमाशी तर प्रार्थना कीटकांची नेहमीच शिकार करते. आणि टॅकिस्फेक्स वंशातल्या काही खणक्या (जमिनीत बीळ खणणाऱ्या) गांधीलमाश्या आपल्या अळ्यांसाठी प्रार्थना कीटकाशिवाय दुसरे काही आणतच नाहीत. त्या कीटकाला डंखाने लुळा करतात आणि जिवंतपणीच बिळात नेऊन ठेवतात.

पण या कीटकाची खरी परीक्षा लहानपणीच असते, आणि त्याबद्दल पुरवणीत एक ओळही नव्हती. मादी अंड्यांभोवती फेस सोडते, तो वाळून अंडपेटी बनते; तिच्यातून पिल्ले बारीक तंतूंना लोंबकळत बाहेर येतात. त्या वेळी त्यांचे अंग मऊ असते, पळता येत नाही. मुंग्यांना अंडपेटीचा पत्ता लागलेला असला तर कित्येक पिल्ले पहिली कात टाकण्याआधीच उचलली जातात. उरलेल्यांना उडी मारणारे कोळी टिपतात, आणि भावंडेही एकमेकांना खातात. काही जातींची पिल्ले मुंगीसारखी दिसतात. मुंगीच्या वाटेला न जाणारे कोळी मग त्यांनाही टाळतात. पुढे चित्र उलटते: ज्या कोळ्याने आज पिल्लू धरले, तसाच कोळी दोन-तीन महिन्यांनी त्याच्या वाचलेल्या भावाचे भक्ष्य होतो. यात विजेत्याचे नाव कोणाचे लिहायचे?

अंडीसुद्धा सुरक्षित नाहीत. पोडॅग्रिऑन नावाच्या इवल्याशा परजीवी गांधीलमाशीची मादी लांब अंडनलिका अंडपेटीत खुपसून आत अंडी घालते. तिची आणखी एक दूरची नातलग, मँटिबारिया, प्रार्थना कीटकाच्या मादीच्या अंगावरच बसून राहते, आपले पंख गाळून टाकते आणि ती मादी अंडी घालू लागली की अंड्यांभोवतीच्या ओल्या फेसात शिरते. काचेच्या पेटीतल्या कोणत्याही झुंजीपेक्षा हे मला कितीतरी थरारक वाटते.

हा कीटक पक्षीही पकडतो, हे तुम्ही लिहिलेत ते खरे आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13 देशांतल्या अशा 147 घटना गोळा केल्या आहेत. त्यांत हमिंगबर्डसारखे चिमुकले पक्षीच फार. पण ‘पिकाचा रक्षक’ हे सरसकट विशेषण मला पटत नाही. तो जवळ येणारी मधमाशीही तितक्याच सहज धरतो आणि कीड खाणारे कोळीही खातो. अमेरिकेत एका पडीक गवताळ जागेत संशोधकांनी या कीटकाची पिल्ले सोडली, तेव्हा तिथले भटके कोळी मोठ्या संख्येने जागा सोडून गेले. त्या प्रयोगात पाने खाणारे किडे कमीही झाले, म्हणजे उपयोग होतो. पण कोळी घालवून झालेला उपयोग मुलांना सांगताना कोळ्यांचेही नाव घ्यायला हवे.

पेटीतल्या झुंजी लावायला मुलांना काहीच लागत नाही, एक बरणी पुरते. पुरवणी आल्यावर माझ्या शेजारच्या दोन मुलांनी तेच केले. प्रार्थना कीटकाचा पुढचा पाय तुटला. पूर्ण वाढ झालेला कीटक पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे तो पाय परत येणार नाही, आणि एका पायाने शिकार करणे अवघड. मुलांना हे माहीत नव्हते; त्यांनी छापलेले पाहिले होते.

माझी विनंती एवढीच की अशी छायाचित्रे यापुढे मुलांच्या पानावर घेऊ नयेत. त्याऐवजी अंडपेटीतून पिल्ले निघतानाचे एक मोठे छायाचित्र छापा, आणि खाली जमलेल्या मुंग्याही त्यात दिसू द्या.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका