ताप आला की त्याच दिवशी सुई नको

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

पोळा आला की आमच्या भागात घरोघरी ताप सुरू होते, कोणी म्हणते वायरल, कोणी म्हणते डेंगू, आणि ताप आला त्याच संध्याकाळी माणूस सुई लावून घ्यायला दवाखान्यात, सोबत एखादी सलाईन आणि पुडीत चार रंगाच्या गोळ्या. सकाळी अंग हलकं होते, माणूस फवारणीले जाते आणि डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं गावभर होते. मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो, आणि हे पाहून माझा जीव तुटते, कारण त्या सुईत अनेकदा स्टिरॉईड, म्हणजे सूज आणि शरीराची लढाई दाबणारं औषध, असते आणि ताप ज्या कामासाठी आला होता तेच काम ते दाबून टाकते.

आपल्याला वाटते की औषध पोटात गेल्यावरच आजाराशी लढाई सुरू होते. शरीर त्याच्या कितीतरी आधी कामाला लागलेलं असते. वायरस ज्या पेशीत शिरते त्या पेशीतच त्याला ओळखायची सोय आहे, वायरसचा आरएनए (प्रथिनं बनवायच्या सूचना असलेला रेणू) आपल्या आरएनएपेक्षा वेगळा असते, कधी दुपदरी असते, कधी त्याचं टोक वेगळं असते, ते ध्यानात आलं की काही तासांत ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते. ती स्वतः बहुतेक वाचत नाही पण आजूबाजूच्या पेशी सावध होतात. रात्री जागलीवरचा माणूस रानडुकरं दिसले की मचाणावरून आरोळी देते आन् बाजूच्या वावरातले सारे उठून बसतात ना, तसंच. मग या पेशी आपलं प्रथिनं बनवायचं काम आवरतं घेतात, आरएनए कापणारी यंत्रणा तयार ठेवतात, वायरस आत आला तरी त्याला आपल्या प्रती काढणं कठीण जाते. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघा शास्त्रज्ञांना हे सापडलं, कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर त्यांनी उष्णतेनं निकामी केलेला फ्लूचा वायरस टाकला, तर त्या पडद्यावर नंतर जिवंत वायरसही वाढेना, आणि त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या ताज्या पडद्याला दिलं तर तोही वाचला.

दुसऱ्या आहेत नॅचरल किलर पेशी. काही वायरस लपून राहण्यासाठी पेशीच्या अंगावरची ओळखखूण कमी करून टाकतात, आणि ज्या पेशीवर ती खूण दिसत नाही तिलाच या पेशी मारतात. मला तर ही गोष्ट शिकवताना दरवेळी नवलच वाटते. आपण ज्या अँटिबॉडीचं, म्हणजे वायरसला पकडणाऱ्या प्रथिनांचं, नाव कोरोनात ऐकलं त्या पहिल्यांदा आलेल्या वायरससाठी तयार व्हायला आठवडाभर तरी लागते, तोवर सारी भिस्त यांच्यावर.

आता ताप. ताप आणि अंगाची कसकस बरीचशी आपल्याच शरीरानं आणलेली असते. हेपेटायटिस सी या लिव्हरच्या वायरल आजाराच्या पेशंटला पूर्वी इंटरफेरॉनचे इंजेक्शन द्यायचे, तर त्यांना अगदी फ्लू झाल्यासारखा ताप यायचा, हातपाय दुखायचे. म्हणजे पहिल्या दोन दिवसांचं अंग दुखणं बऱ्याच अंशी हे काम चालू असल्याची खूण आहे. त्यावर पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, पेज प्या, पडून राहा. स्टिरॉईडनं हे सिग्नलच मंद पडतात, ताप उतरते पण वायरस तिथंच राहते. २०२० साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉईडनं ऑक्सिजन लागलेल्या कोरोना पेशंटचे जीव वाचले, पण ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. औषध वाईट नाही हो, वेळ चुकीची आहे. आणि अँटिबायोटिक तर वायरसवर चालतच नाही, तरी ते पुडीत असतेच.

डेंगूत आणखी एक भानगड आहे. अंगदुखीची डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली तर रक्तस्राव वाढायचा धोका असते, आणि ताप उतरल्यावरच खरी काळजी घ्यायची असते, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, सुस्ती, यातलं काही दिसलं की ताबडतोब मोठा दवाखाना. ताप गेला म्हणून लोक उलट निर्धास्त होतात.

आणि थांबणं सगळीकडे चालत नाही हेही मी तितक्याच जोरानं सांगतो. चांदीपुरा वायरस हे नाव आपल्या नागपूरजवळच्या गावावरून पडलं, १९६५ मध्ये तो तिथल्या पेशंटच्या रक्तात सापडला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ पोरं बिमार पडली, त्यातले १८३ गेले, २००७ मध्ये नागपूर विभागातही साथ आली. सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी चावून तो पसरते, त्याच्यावर लसही नाही आणि औषधही नाही, इतक्या झपाट्यानं तो मेंदूवर जाते की शरीराला सावरायला वेळच भेटत नाही. पोट्ट्याला तापात झटके आले किंवा ते गुंगीत गेलं तर एक घंटाही गावात घालवू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या.

डॉक्टरलाच सारा दोष द्यावा असंही नाही, रोजमजुरीवाल्याची एक दिवसाची मजुरी बुडाली की चूल अडते, म्हणून तोच म्हणते, साहेब सुई मारा. पण सुईत काय आहे हे त्याला कळलं तर पाहिजे ना. माझं मागणं एवढंच आहे की गावातल्या प्रत्येक दवाखान्यात दिलेल्या इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यावं, स्टिरॉईड असेल तर तसं लिहावं, ग्रामसभेनं याचा ठराव घ्यावा आणि आशाताईंनी घरोघरी सांगावं. आपल्या पेपरनंही डेंगूची धोक्याची लक्षणं ठळक अक्षरात चौकटीत छापावी, आणि ती कापूस वेचणीच्या आधी छापावी, वेचणी लागली की ताप असला तरी कोणी घरी बसत नाही.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, जि. वर्धा